तारुण्यपिटिका आणि ‘ती’ गोळी : एक ताळेबंद

‘तारुण्यपिटिका’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात भेटतो. घरात आपण ‘मुरूम’ किंवा ‘पुटकुळ्या’ म्हणतो, कानडी मैत्रिणी ‘मोडवी’ म्हणतात आणि कॉलेजच्या लेडीज रूममध्ये मराठी-कानडी हा भेद विसरून सगळ्याच ‘पिंपल्स’ म्हणतात. शब्द पाच असले तरी आरशासमोरची तक्रार एकच असते. वडीलधारी मंडळी “वयच आहे ते, जाईल आपोआप,” असे सांगून मोकळी होतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु काही मुलींच्या बाबतीत विशी उलटली तरी मुरूम जात नाहीत. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी येत राहतात, पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांना ऊत येतो आणि गेल्या तरी मागे खड्डे व काळे डाग ठेवून जातात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ कधी कधी एक गोळी लिहून देतात आणि घरात वादळ उठते. कारण ती गोळी संततिनियमनाची असते!

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर मी मामांच्या औषधांच्या दुकानात हिशेब लिहिते. तेथे “मोडविगे क्रीम कोड्री” असे मोकळेपणाने मागणाऱ्या मुली रोज येतात. मात्र या गोळीची चिठ्ठी चार घड्या घालून पर्समधून निघते, आणि दुकानात दुसरे गिऱ्हाईक असेल तर ती मुलगी पुन्हा पायरी उतरून जाते. एकाच आजाराच्या दोन औषधांत एवढा फरक का, या कुतूहलाने मी या विषयावर वाचू लागले आणि शंका आल्या तेथे डॉक्टरांना विचारत गेले. जे कळले ते हिशेबाच्या वहीप्रमाणे, जमा एकीकडे आणि नावे एकीकडे, असे मांडण्याचा येथे विचार आहे. हा लेख म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे, ही गोष्ट वाचकांनी आधीच ध्यानात ठेवावी.

मुरूम का होतात?

आपल्या त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून तेलकट स्राव पाझरतो व त्वचा मऊ राहते. हा स्राव प्रमाणाबाहेर वाढला आणि त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसले, म्हणजे तेल आत कोंडते. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू त्या कोंडलेल्या तेलावर वाढतात, शरीर त्यांच्याशी झगडू लागते आणि लाली, सूज व पू दिसू लागतो. म्हणजे तेल, बूच, जंतू आणि दाह अशा चार पायऱ्या झाल्या. मुरुमांवरचे प्रत्येक औषध यांपैकी एखाद्या पायरीवर काम करते. तोंड वारंवार खसाखसा धुतल्याने यांतली एकही पायरी थांबत नाही, उलट त्वचा चिडते.

यातील पहिल्या पायरीची किल्ली अँड्रोजेन नावाच्या संप्रेरकांच्या हाती असते. त्यांना ‘पुरुष-संप्रेरके’ म्हणण्याची पद्धत आहे. पण स्त्रीच्या शरीरातही बीजकोश आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ती थोड्या प्रमाणात तयार करतात. १९४१ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन या संशोधकाने दाखवून दिले, की ज्या पुरुषांचे वृषण वयात येण्यापूर्वीच निकामी झाले होते त्यांना मुरूम येत नाहीत. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर येऊ शकतात. मुरुमांचे मूळ चेहऱ्याच्या मळात किंवा तेलकट भज्यांत नसून प्रामुख्याने संप्रेरकांत आहे, हे या प्रयोगाने पक्के झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुरूम असलेल्या कित्येक मुलींच्या रक्तात या संप्रेरकांचे प्रमाण तपासले तर ते नेहमीइतकेच भरते. त्यांच्या त्वचेतील ग्रंथीच जरा अधिक हळव्या असतात. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग संप्रेरकांचे औषध कशाला?’ हा प्रश्न वरवर बरोबर वाटला तरी बरोबर नाही. याउलट पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबणे, ओठांवर व हनुवटीवर राठ केस येणे, डोक्यावरचे केस विरळ होणे ही लक्षणे मुरुमांच्या जोडीला असतील, तर पीसीओएस या विकाराची शक्यता डॉक्टर तपासतात. अशा वेळी नुसते मलम लावत बसणे म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसत राहण्यासारखे आहे.

गोळीचा थोडा इतिहास

१९५१ साली मेक्सिको शहरातील एका प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन हे तोंडाने घेण्याजोगे कृत्रिम संप्रेरक तयार झाले. त्याच जातीचे संप्रेरक असलेली एनोव्हिड नावाची गोळी १९५७ साली अमेरिकेत विक्रीस मंजूर झाली ती पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून! संततिनियमनासाठी तिला मान्यता मिळाली ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९६० साली. म्हणजे ‘औषध म्हणून गोळी’ ही आजच्या डॉक्टरांची नवी टूम नव्हे, गोळीचा जन्मच औषध म्हणून झालेला आहे. पुढे तिची ख्याती संततिनियमनासाठी एवढी पसरली, की तिचे पहिले काम लोक विसरून गेले.

गोळी घेणाऱ्या अनेक स्त्रियांचा चेहरा नितळ होतो हे डॉक्टरांच्या लक्षात येत गेले. १९७८ साली जर्मनीत सायप्रोटेरोन असलेली डायान नावाची गोळी आली. अँड्रोजेनला थेट विरोध करणारे हे संयुग असल्याने तिचा रोख आधीपासूनच मुरूम व नको तेथे वाढणारे केस यांवर होता. अमेरिकेत नव्वदीच्या दशकात नॉरजेस्टिमेट असलेल्या गोळीला आणि २००७ साली ड्रोस्पिरेनोन असलेल्या गोळीला मुरुमांवरील उपचार म्हणून मान्यता मिळाली. मात्र तेथे एक अट घातलेली आहे : ज्या स्त्रीला संततिनियमनही हवे आहे तिच्याचसाठी ही मान्यता. ही अट नीतीच्या विचारातून आलेली नाही. मुरूम हा जीवघेणा आजार नाही. तेव्हा केवळ त्याच्यासाठी थोडा तरी धोका पत्करायचा तर दोन लाभ पदरात पडावेत, असा त्यामागचा हिशेब आहे. इतर देशांत व आपल्याकडे डॉक्टर पाळीच्या तक्रारी, पीसीओएस आणि हट्टी मुरूम यांसाठी अविवाहित मुलींनाही ती लिहून देतात.

ती चेहऱ्यावर कशी पोहोचते?

या उपचारात वापरतात ती गोळी ‘संयुक्त’ असते, म्हणजे तिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. तिचे काम दोन रीतींनी होते. पहिली अशी, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून बीजकोशाला जाणारा हुकूम मंदावतो. त्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि बीजकोशात तयार होणारे अँड्रोजेनही कमी होते.

दुसरी रीत आम्हा वाणिज्यवाल्यांना चटकन कळण्याजोगी आहे. रक्तातील टेस्टोस्टेरॉन दोन प्रकारे असते. बराचसा भाग यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला बांधलेला असतो, आणि अगदी थोडा भाग मोकळा असतो. मुदत ठेवीतली रक्कम आपलीच असली तरी बाजारात खर्च करता येत नाही, खर्च होते ती चालू खात्यातली. तसेच बांधलेले टेस्टोस्टेरॉन त्वचेपर्यंत जाऊन काही करू शकत नाही, करते ते मोकळे. गोळीतील इस्ट्रोजेनमुळे यकृत ते प्रथिन अधिक तयार करते, मोकळे टेस्टोस्टेरॉन मुदत ठेवीत जाते आणि तैलग्रंथींचा पुरवठा आटतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ही गोळी चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनासारखी नाही. ती सगळ्या शरीराच्या कारभारात हात घालते. दुसरी, तिचा गुण सावकाश येतो. तीन महिन्यांपूर्वी निकाल मागू नये, सहा महिन्यांनी खरे चित्र दिसते. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम किंचित वाढलेलेही दिसू शकतात. पुढच्या महिन्यातल्या गॅदरिंगसाठी ही गोळी सुरू करणे म्हणजे आज पेरून उद्या खळे मांडण्याचा प्रकार आहे.

जमेची बाजू

२०१२ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १२,५७९ स्त्रियांचा समावेश होता. खऱ्या गोळीची तुलना औषध नसलेल्या खोट्या गोळीशी ज्या नऊ चाचण्यांत करता आली, त्या सगळ्यांत खऱ्या गोळीने मुरूम कमी झाले. मात्र एका कंपनीची गोळी दुसरीपेक्षा फार सरस आहे, असे त्या आढाव्यात ठळकपणे दिसले नाही. २०१४ सालच्या आणखी एका एकत्रित अभ्यासात तोंडाने घ्यायच्या प्रतिजैविकांशी गोळीची तुलना केली गेली. तीन महिन्यांअखेर प्रतिजैविके पुढे होती, सहा महिन्यांअखेर दोन्ही जवळजवळ बरोबरीत आली. प्रतिजैविके महिनोन्‌महिने घेतल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे लक्षात घेता ही बरोबरी महत्त्वाची आहे.

याशिवाय पाळी नियमित होते, अंगावर कमी जाते, पोटदुखी उतरते, आणि पुढील आयुष्यात बीजकोश व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी झालेला आढळतो. ‘गोळी घेतली की पुढे मूल होत नाही’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे, पण तो चुकीचा आहे. गोळी थांबवल्यावर बीजकोशाचे काम पुन्हा सुरू होते.

नावे बाजू

आता वहीचे दुसरे पान. मळमळ, स्तन जड होणे, डोके दुखणे, मधेच थोडे अंगावर जाणे हे किरकोळ खर्च बहुधा दोन-तीन महिन्यांत थांबतात. वजन खूप वाढते अशी भीती असते, पण चाचण्यांतून तसे सिद्ध झालेले नाही. चेहऱ्याच्या दृष्टीने मात्र एक खर्च सांगितलाच पाहिजे. काहींना या गोळीने गालावर व कपाळावर वांग येतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तो गडद होतो. मुरूम गेले आणि वांग आला, तर सौदा बरोबरीत सुटला असेच म्हणावे लागेल. स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्यात गोळी चालू असताना थोडी वाढ आढळते, ती गोळी थांबवल्यावर वर्षांगणिक ओसरत जाते.

सर्वांत मोठी नोंद आहे ती रक्ताच्या गुठळीची. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतू शकते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली दिलेले आकडे असे : गोळी न घेणाऱ्या व गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरजेस्टिमेट असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना होते, आणि ड्रोस्पिरेनोन असलेली घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. सायप्रोटेरोनच्या गोळीचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दीडपट ते दुप्पट धरला जातो. पहिल्या वर्षात हा धोका सर्वाधिक असतो.

हे आकडे कसे वाचायचे? ‘धोका सहापट होतो’ असे म्हटले तर छातीत धस्स होते. ‘दहा हजारांतल्या ९,९८८ जणींना काही होत नाही’ असे म्हटले तर निर्धास्त वाटते. दोन्ही विधाने एकाच आकड्यावरून निघतात. १९९५ साली ब्रिटनमध्ये काही गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो असा सरकारी इशारा निघाला. मूळ धोका किती लहान आहे ते लोकांपर्यंत नीट पोहोचले नाही. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी तेथे गर्भपातांची संख्या वाढली. गरोदरपणात व बाळंतपणानंतर गुठळीचा धोका गोळीपेक्षाही अधिक असतो, हे त्या गडबडीत बाजूला राहिले. टक्केवारी पाहताना ती कशाची टक्केवारी आहे हे आधी पाहावे, असे आम्हाला संख्याशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगतात, ते येथे तंतोतंत लागू पडते.

मात्र लहान धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. २०१३ सालीच फ्रान्सने डायान-३५ या गोळीची विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला होता. युरोपच्या संस्थेने फेरविचार करून ठरवले, की मध्यम ते तीव्र मुरुमांत, मलमांनी किंवा प्रतिजैविकांनी गुण आला नसेल तर ती द्यावी, पहिल्याच फेरीत देऊ नये. २०१४ साली ती फ्रान्समध्ये पुन्हा विक्रीस आली. बंदी नाही आणि मोकळे रानही नाही, असा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

कोणी घेऊ नये?

सरासरीचे आकडे सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात गुठळी झालेली असणे, उच्च रक्तदाब, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, हृदयविकार किंवा अर्धांगवायूचा पूर्वेतिहास, गरोदरपण, नुकतेच झालेले बाळंतपण, पस्तिशीनंतरही धूम्रपान, यांपैकी काही असेल तर ही गोळी टाळतात किंवा फार विचार करून देतात. यांत एक गोष्ट आपल्या वयाच्या मुलींनी विशेष ध्यानात ठेवावी, ती म्हणजे अर्धशिशी. डोके दुखू लागण्यापूर्वी ज्यांच्या डोळ्यांसमोर नागमोडी तेजस्वी रेषा येतात किंवा दृष्टीचा एखादा भाग काही वेळ नाहीसा होतो, त्यांनी इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये. त्यांच्या बाबतीत मेंदूतील रक्तपुरवठा अडण्याचा धोका वाढतो.

हे लिहिण्याचे कारण आहे. माझ्या वर्गातील एक मैत्रीण थोरल्या बहिणीचे उरलेले पाकीट घेऊन ‘तिला गुण आला, मलाही येईल’ असे म्हणत होती. परीक्षेच्या दिवसांत तिचे डोके दुखते आणि आधी फळ्यावरची अक्षरे तुटक दिसू लागतात, हे मला ठाऊक होते. मी तिला म्हटले, “अगं, आधी हे डॉक्टरांना सांग, मग काय ते ठरव.” डॉक्टरांनी ऐकताक्षणी ती गोळी बंद म्हणून सांगितले आणि बेंझॉइल पेरॉक्साइड व अॅडापलीन यांची मलमे दिली. तिचे मुरूम त्यानेच पुष्कळ ताब्यात आले. दोघी बहिणी एका आईच्या, चेहरेही सारखे, तरी एकीचे औषध दुसरीला विष ठरले असते.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर गोळीचा परिणाम घटतो, तेही सांगावे. आणि गोळी चालू असताना एका पोटरीला सूज येऊन दुखणे, छातीत कळ, अचानक धाप, एकाएकी भयंकर डोकेदुखी किंवा दृष्टी जाणे यांपैकी काही झाले तर उद्यावर न टाकता दवाखाना गाठावा.

सगळ्या गोळ्या सारख्या नव्हेत

दुकानात बसून मला जाणवले, की ‘गर्भनिरोधक’ या एका शब्दाखाली लोक पाच-सहा वेगळ्या वस्तू एकत्र बांधतात. मुरुमांच्या दृष्टीने त्यांतील फरक जाणणे आवश्यक आहे. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन संयुक्त गोळीच आहे. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. ते स्वतः किंचित अँड्रोजेनच्या वळणाचे असल्याने मुरुमांसाठी डॉक्टर सहसा दुसरे प्रोजेस्टिन निवडतात. सहेली किंवा छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली गोळी या जातीची नाही, तिचा मुरुमांशी संबंध नाही. नुसते प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या, अंतरा इंजेक्शन किंवा संप्रेरक सोडणारी तांबी यांनी काहींचे मुरूम उलट वाढतात. आणि जाहिरातींमुळे सर्वांना ठाऊक झालेली तातडीची गोळी हा तर निराळाच प्रकार आहे, तिने मुरूम बरे होत नाहीत.

गोळीचा दुसराही एक संबंध मुरुमांशी येतो. फार तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध देतात. त्या काळात गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंगे येऊ शकतात, म्हणून त्यासोबत संततिनियमनाची खबरदारी बंधनकारक मानली जाते. गोळी नको असेल किंवा चालत नसेल, तर स्पायरोनोलॅक्टोन हे अँड्रोजेनला अडवणारे औषधही काही स्त्रियांना देतात. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्याचा गुण दिसून आला. तेही गरोदरपणात चालत नाही. या सगळ्यांच्या आधी पहिली पायरी मलमांचीच असते, आणि कित्येकींचे काम तेथेच भागते.

नावाची रक्कम

आतापर्यंतच्या हिशेबात एक रक्कम धरलेली नाही, ती म्हणजे या गोळीचे नाव. खानापूरच्या माझ्या मावसबहिणीचे, जिला आम्ही अक्का म्हणतो, उदाहरण सांगते. तिची पाळी अनियमित आणि चेहरा गाठींनी भरलेला होता. मलमे झाली, प्रतिजैविके झाली, शेवटी डॉक्टरांनी तपासण्या करून ही गोळी दिली. मावशीने पाकिटावरचे वाचले आणि पाकीट केरात गेले. “लग्न व्हायचंय पोरीचं, आणि ही गोळी घरात? पाहुण्यांच्या कानावर गेलं तर?” एवढाच तिचा युक्तिवाद होता. मग कोणीतरी सुचवलेले गोरेपणाचे मलम सुरू झाले. आठ दिवसांत चेहरा उजळला, सगळे खूश झाले. त्यात स्टेरॉइड होते. दोन महिन्यांत कातडी पातळ व लालबुंद झाली, उन्हात जाता येईना आणि मलम थांबवले की मुरूम दुप्पट. चेहऱ्यावरील स्टेरॉइडचा हा उपद्रव देशभर इतका वाढला आहे, की २०१८ साली केंद्र सरकारला अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम करावा लागला.

आठ महिन्यांनी अक्का पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली, या वेळी मावशीला सोबत घेऊन. डॉक्टरांनी मावशीला नीट समजावले. “तापावर देतो तशी ही पाळीवर आणि चेहऱ्यावर देतो. नाव काहीही असेना,” असे ते म्हणाले. गोळी सुरू झाली, पाच महिन्यांनी गाठी येणे जवळजवळ थांबले. पण त्या आठ महिन्यांत पडलेले खड्डे अजून आहेत, ते कोणत्याही गोळीने भरत नाहीत. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नावे बाजूला सर्वांत मोठी रक्कम औषधाची नव्हती, त्याच्या नावाची होती.

याचे नवल अशासाठी वाटते, की या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची परंपरा आपल्या दोन्ही भाषांच्या मुलखात आहे. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मराठी मासिक चालवले. म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी पातळीवर संततिनियमनाचे दवाखाने उघडले. आपल्या पणज्यांच्या काळात जी गोष्ट मासिकात छापली जात होती आणि सरकारी दवाखान्यात सांगितली जात होती, ती आज आपण चार घड्या घालून लपवतो.

परंतु लपवण्याचा तोटा लाजेपुरता नाही. लपवून घेतलेल्या गोळीआधी रक्तदाब मोजला जात नाही, अर्धशिशी विचारली जात नाही, आत्याला झालेली गुठळी कोणी सांगत नाही. लाज आणि बेफिकिरी या दोन उलट गोष्टी वाटतात, पण दोन्ही मुलीला एकाच जागी नेऊन सोडतात : डॉक्टरविना.

डॉक्टरांकडे जाताना

म्हणून ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी पुढील प्रश्न वहीत लिहून न्यावेत. माझ्या मुरुमांना संप्रेरकांचे औषधच का लागेल, मलमांनी भागणार नाही का? या गोळीत कोणते प्रोजेस्टिन आहे आणि त्याचा गुठळीचा धोका किती? माझा रक्तदाब मोजला का? घरातल्या कोणाचा कोणता आजार आपल्याला सांगायला हवा? गुण किती महिन्यांनी पाहायचा आणि गोळी किती दिवस चालवायची? थांबवल्यावर मुरूम परत आले तर पुढे काय? हा शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण गोळी थांबल्यावर काहींचे मुरूम परततात. त्यासाठी मलम चालू ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. शक्य असेल तर आईला किंवा मावशीला सोबत न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरात अधिक टिकते.

आपल्या प्राध्यापकवर्गाला एक विनंती आहे. कॉलेजात करिअर, बँक परीक्षा, रक्तदान यांवर दरवर्षी व्याख्याने होतात. त्यांच्या जोडीला एखाद्या महिला डॉक्टरांचे व्याख्यान मराठीत व कानडीत ठेवावे आणि प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय, विचारू द्यावेत. पेटी किती लवकर भरते ते पाहण्यासारखे असेल.